सल्ला: टीआर6 ची चॅसिस घरी बदलावी का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मूळचे कोल्हापूरचे आणि गेली एकोणीस वर्षे इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहणारे एक वाचक लिहितात की, त्यांचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिटर होते आणि पाना धरायला ते वडिलांकडूनच शिकले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी 1973 सालची ट्रायम्फ टीआर6 ही उघडी स्पोर्ट्स कार घेतली. क्लच सोडताना मागून "टक्" असा आवाज येऊ लागला म्हणून त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली, तेव्हा मागच्या भागात चॅसिस, म्हणजे जिच्यावर बॉडी बसते तो लोखंडी सांगाडा, गंजलेली निघाली. नवी चॅसिस घालून गाडी पुन्हा उभी करून द्यायला कारागिराने व्हॅट धरून 22,000 पौंड सांगितले, आणि गाडीचा विमा मात्र 20,000 पौंडांचा आहे. नुसती नवी चॅसिस 3,500 पौंडांत मिळते. "उरलेले काम नट-बोल्ट खोलण्याचे आणि परत लावण्याचे आहे. माझे श्रम फुकट आहेत, तेव्हा 5,000 पौंडांत आणि सहा महिन्यांत काम होईल," असा त्यांचा अंदाज आहे. मे महिन्यात 76 वर्षांचे वडील येणार आहेत आणि ही गाडी जिथे तयार झाली त्या कॉव्हेंट्रीला त्यांना याच गाडीतून न्यायचे आहे. पत्नीच्या मते ही चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला आहे, गाडी विकून मोकळे व्हावे. त्यांनी काय करावे?

प्रिय वाचक,

तुमच्या हिशेबातल्या चॅसिसच्या किमतीबद्दल माझी तक्रार नाही. माझे मन अडले ते "उरलेले काम" या दोन शब्दांपाशी. सात वर्षांपूर्वी मी स्वतः 1966 सालच्या टीआर4ए ची चॅसिस घरच्या गॅरेजमध्ये बदलली आहे. तुमच्या गाडीची चॅसिस त्याच घराण्यातली आहे, कारण मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देणारा हा आराखडा 1965 मध्ये टीआर4ए साठी झाला आणि थोड्याफार फरकाने तोच पुढे 1976 पर्यंत, म्हणजे टीआर6 बंद होईपर्यंत चालला. त्यामुळे तुम्ही ज्या वाटेवर पाऊल टाकत आहात ती मी चाललेलो आहे. तुम्हाला घाबरवण्याची माझी इच्छा नाही, पण वाट किती लांब आहे हे आधी कळावे असे मात्र मनापासून वाटते.

सर्वांत आधी एक प्रश्न विचारतो. चॅसिस बदललीच पाहिजे, हे नक्की कोणी ठरवले? तुमच्या पत्रात आवाज आणि गंज या दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या आणि त्यांची सांगड आपोआप घातली गेली. क्लच सोडताना मागून येणारा "टक्" हा या गाड्यांचा जुना आजार आहे. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी, चॅसिसला ज्या चार खुंट्यांवर टांगलेली असते, त्यांच्या मुळाशी पत्रा तडकतो, विशेषतः पुढच्या उजव्या खुंटीपाशी. ती दुरुस्ती बॉडी न उचलता, गाडीखाली झोपून वेल्डिंगने करता येते आणि वर्षानुवर्षे लोक ती करत आले आहेत. कधी आवाज खुंटीचा नसतोच. मागच्या शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट झिजले असले किंवा शाफ्टच्या खाचा कोरड्या पडून अडकत असल्या, तरी असाच झटका बसतो.

गंजाचेही तसेच आहे. या चॅसिसचा पुढचा भाग इंजिनातून गळणाऱ्या तेलाने वर्षानुवर्षे माखलेला असतो, म्हणून तो बहुधा टिकतो. मागे, जिथे ट्रेलिंग आर्म (मागची चाके धरणारे दांडे) जोडलेले असतात आणि पेटीसारख्या बंद नळ्यांच्या आत चिखल साचतो, तिथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ आतून खात जाते. तेव्हा गाडी पुन्हा लिफ्टवर चढवा, पण या वेळी ज्याला काम मिळायचे नाही अशा जाणकाराकडून तपासून घ्या. क्लबमधला अनुभवी सभासद असला तर फारच उत्तम; टीआर गाड्यांच्या मालकांचा टीआर रजिस्टर हा क्लब 1970 पासून आहे. छोटी हातोडी घेऊन चॅसिसच्या प्रत्येक वीतभर अंतरावर ठोका. जाड पत्रा खणखणीत बोलतो, कुजलेला भद्द वाजतो, आणि जिथे भद्द वाजेल तिथे टोच्या दाबून बघा. गंज फक्त ट्रेलिंग आर्मच्या जागेपुरता असेल, तर तेवढ्या भागाचे तयार तुकडे मिळतात आणि चांगला वेल्डर ते नीट बसवू शकतो. पुढच्या सोंडा, मधल्या लांब नळ्या आणि मागचा भाग अशा तिन्ही ठिकाणी टोच्या आत जात असेल, तरच पूर्ण चॅसिसचा विचार करा. पूर्वी कधी अपघात होऊन चॅसिस वाकलेली असेल, तर तेही बदलण्याचे सबळ कारण आहे.

समजा बदलावीच लागली. आता तुमच्या 5,000 पौंडांकडे येऊ.

माझ्या टीआर4ए च्या कामाची वही मी जपून ठेवली आहे. काम संपले तेव्हा एकूण खर्च चॅसिसच्या किमतीच्या सव्वातीन पट झाला होता. हे एका गाडीचे उदाहरण आहे, ते सगळ्यांना जसेच्या तसे लागू पडणार नाही. पण तोच पट तुमच्या चॅसिसला लावला तर आकडा 11,000 पौंडांच्या पुढे जातो. हे पैसे कुठे गेले, असे मला त्या वेळी कोणी विचारले असते तर सांगता आले नसते, कारण एकही खर्च मोठा नव्हता. प्रत्येक खर्चाच्या मागे एकच वाक्य होते: "आता उघडलेच आहे, तर..." ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप चॅसिसच्या अंगावरून गेलेले असतात, ते काढताना मोडतात, म्हणून नवे घ्यावे लागतात. नव्या चॅसिसला पन्नास वर्षांचे रबरी बुश लावायला हात धजत नाही. गिअरबॉक्स बाहेर आलाच आहे, तर क्लच जुना ठेवण्यात अर्थ नसतो, कारण पुढे तो गेला तर सीटा काढून गिअरबॉक्स पुन्हा गाडीच्या आतून बाहेर काढावा लागतो. मग इंजिनाचे माउंटिंग, चाकांचे बेअरिंग, डिफरन्शियलचे सील, स्प्रिंग, सायलेन्सर. ट्रेलिंग आर्म ॲल्युमिनियमचे आहेत आणि त्यांत हब धरून ठेवणारे स्टड खोलताना आटे निघून येतात. मग तिथे नवे आटे बसवून घ्यावे लागतात. तुमची गाडी इंग्लंडमध्ये विकलेल्या मूळ टीआर6 पैकी असेल तर तिला कार्बोरेटरऐवजी लुकासचे फ्युएल इंजेक्शन असेल, आणि त्या यंत्रणेत पेट्रोल चौरस इंचाला 100 पौंडांहून अधिक दाबाने वाहते. तिथे जुना पाइप "चालून जाईल" म्हणून ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे, म्हणून त्या पाइपांत काटकसर करू नका.

नवी चॅसिस जस्ताचा मुलामा दिलेली घेणार असाल, तर आणखी एक बारीक खर्च आणि मोठी कटकट लक्षात असू द्या. वितळलेल्या जस्ताच्या कढईचे तापमान सुमारे 450 अंश असते आणि जस्त प्रत्येक आट्यात शिरून बसते. त्यामुळे एकूण एक भोकात टॅप फिरवून आटे मोकळे करावे लागतात. माझे सलग दोन शनिवार त्यातच गेले. तरीही मी मुलाम्याच्याच बाजूचा आहे, कारण त्याचे जस्त नळीच्या आतल्या बाजूलाही पोहोचते आणि ही चॅसिस आतून सडते. रंग तिथपर्यंत जात नाही.

आता "माझे श्रम फुकट" या वाक्याकडे. माझ्या वहीत 22 महिन्यांत मिळून 540 तास लिहिलेले आहेत. तासाला अवघे 15 पौंड धरले तरी ते 8,100 पौंड होतात, आणि एवढ्या दराने तुम्ही स्वतः कोणाच्या नोकरीला राहिला नसतात. तुमच्या कारागिराच्या 22,000 मध्ये जवळजवळ 3,670 पौंड निव्वळ व्हॅटचे आहेत. उरलेल्या रकमेतून चॅसिस, सुटे भाग, जागेचे भाडे आणि मजुरांचे पगार काढून बघा, म्हणजे तो आकडा लूट वाटणार नाही. तुम्ही सांगता ते सहा महिने म्हणजे 26 शनिवार. प्रत्येक शनिवारी सहा तास दिले तर 156 तास होतात. त्यांतले किती शनिवार मुलांच्या सामन्यांना, मंडळाच्या कार्यक्रमांना, थंडीने आखडलेल्या बोटांना आणि न आलेल्या पार्सलांना जातील, हे मी तुम्हाला सांगायला नको. मेपर्यंत काम होणार नाही. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण स्पष्टच लिहायला हवे.

जागेचा खर्चही लोक मोजायला विसरतात. टीआर6 तशी लहान गाडी आहे, लांबीला साधारण चार मीटर आणि रुंदीला जेमतेम दीड मीटर. पण बॉडी आणि चॅसिस वेगळी केली, की घरात एकाऐवजी दोन गाड्या होतात. शिवाय इंजिन, गिअरबॉक्स, दारे, बॉनेट, सीटा आणि डब्या-डब्यांमधून भरलेले नट-बोल्ट असतातच. आमच्या घरी दीड वर्ष डायनिंग टेबलाशेजारी एक दार भिंतीला टेकून उभे होते. माझ्या पत्नीने त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, आणि आज मागे वळून पाहताना मला तेच सर्वांत जास्त लागते. तुमच्या पत्नीच्या म्हणण्याकडे केवळ विरोध म्हणून पाहू नका. त्या ज्या मसाल्याबद्दल बोलत आहेत त्यात हे दारही येते.

ज्या दिवशी खरी परीक्षा असते त्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत महागडी चूक त्याच दिवशी होते. छप्पर नसलेल्या या बॉडीला स्वतःचा ताठपणा फारसा नसतो. चॅसिस आणि दारांखालच्या पट्ट्या मिळून तिला सरळ ठेवतात. म्हणून उचलण्याआधी दाराच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्ड करून किंवा बोल्टने आवळून आधार द्यावा लागतो, आणि दारांखालच्या पट्ट्या गंजलेल्या असतील तर बॉडी जुन्या चॅसिसवर असतानाच आधी त्या बदलाव्या लागतात. मी आधार दिला होता. ओळखीचे सहा जण बोलावले होते, पोहे-चहा झाला, बाहेर भुरभुर पाऊस होता. "एक, दोन, तीन" म्हणून उचलले तेव्हा तीन कोपरे वर आले आणि मागचा डावा कोपरा जागचा हललाच नाही. कार्पेटच्या चिकटाखाली एक बोल्ट राहून गेला होता. अर्ध्या श्वासात सगळ्यांनी खाली ठेवले, तरी त्या बाजूच्या दाराची मागची फट 5 मिलिमीटरची 2 झाली होती. ते 3 मिलिमीटर परत मिळवायला पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालून, काढून, पुन्हा घालून मला चार आठवडे लागले. घाईचा तो एक क्षण मी आजही विसरलेलो नाही.

कायद्याची बाजू त्यामानाने सोपी आहे. ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या गाडीला एमओटी या दरवर्षीच्या सुरक्षा तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या 30 वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा लागतो. मूळच्याच नमुन्याची चॅसिस घालणे हा तसा बदल मानला जात नाही. ऑगस्ट 2025 पासून डीव्हीएलए या वाहननोंदणी खात्याने जुन्या गाड्यांचे नियमही सैल केले आहेत: गाडीचे मूळ रूप तसेच राहत असेल आणि लॉगबुकातला (गाडीच्या नोंदणीपत्रातला) तपशील बदलत नसेल, तर सारख्याला सारखा भाग घालून केलेली दुरुस्ती कळवावी लागत नाही. तरीही चॅसिसची पावती आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो जपा, कारण पुढे गाडी घेणारा तेच आधी मागेल. काम झाल्यावर सूट असली तरी एमओटी करून घ्याच. त्याचे कमाल शुल्क 54.85 पौंड आहे, आणि घरी जोडलेल्या ब्रेकवर दुसऱ्या डोळ्यांची नजर पडणे याहून स्वस्तात होत नाही. विमा कंपनीला मात्र गाडी सुटी करण्यापूर्वीच कळवा. सुटी झालेली गाडी आणि गॅरेजमधले वेल्डिंग या दोन्ही गोष्टी गाडीच्या आणि घराच्या विम्यात बसतात का, हे लेखी विचारून घ्या.

आता पर्यायांबद्दल. गाडी विकायची असेल तर ती चालती असताना विका. सुट्या भागांच्या ढिगाला चालत्या गाडीची किंमत कधीच येत नाही, आणि अर्धवट सोडलेल्या गाड्यांच्या जाहिराती वाचल्या तर प्रत्येकीमागे तुमच्या-माझ्यासारखाच कोणीतरी उत्साहाने सुरुवात केलेला माणूस दिसतो. पण तुमच्या पत्रावरून तुम्हाला गाडी विकायची नाही हे मला दिसते, आणि केवळ पैशांच्या हिशेबाने तसा सल्ला मी देणार नाही. तसे पाहिले तर घरी केलेले असो वा कारागिराकडून, या कामात घातलेला पैसा विकताना पूर्ण परत येत नाही. तो गाडी चालवण्यासाठी आणि काम करण्याच्या समाधानासाठी घातलेला पैसा आहे, असे धरूनच निर्णय घ्या.

तपासणीत गंज मर्यादित निघाला तर माझे मत ठाम आहे: ट्रेलिंग आर्मची जागा आणि डिफरन्शियलच्या खुंट्या चांगल्या वेल्डरकडून या हिवाळ्यात दुरुस्त करून घ्या, आणि मे महिन्यात बाबांना कॉव्हेंट्रीला घेऊन जा. टीआर6 जिथे तयार होत असे तो कॅनलीचा कारखाना आज उभा नाही, तेव्हा त्यांना आधीच तसे सांगून ठेवा; शहरातल्या ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये मात्र त्या परंपरेच्या गाड्या पाहायला मिळतील.

पूर्ण चॅसिसच बदलावी लागली, तर सगळे स्वतः किंवा सगळे कारागिराकडून, अशा दोनच वाटा आहेत हे गृहीतक सोडून द्या. काम वाटून घ्या. सुटे करणे, साफ करणे, नव्या चॅसिसवर सस्पेन्शन, पाइप आणि इंजिन चढवणे हे वेळखाऊ पण शिकता येण्यासारखे काम आहे, ते तुम्ही करा. दारांखालच्या पट्ट्यांचे वेल्डिंग आणि बॉडी परत बसवून दारांच्या फटी जुळवणे हे ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडे सोपवा. स्प्रिंग काढताना कधीही एकटे राहू नका, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती माणूस पाहत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर एका मिनिटासाठीही जाऊ नका. अंदाजपत्रक 5,000 ऐवजी 11,000 पौंडांचे आणि मुदत सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांची धरा. ते दोन्ही आकडे पत्नीसमोर मांडा आणि त्यांनी होकार दिला तरच पहिला बोल्ट खोला. पावत्या लपवून ताकाला जाऊन भांडे लपवण्याची वेळ स्वतःवर आणू नका.

राहिली बाबांची गोष्ट. तुम्हाला त्यांना तयार गाडी दाखवायची आहे आणि ती इच्छा मला समजते. पण उद्यमनगरात आयुष्य काढलेल्या फिटरला चकचकीत गाडीत शेजारी बसणे जास्त आवडेल, की उघड्या चॅसिसभोवती फिरणे, हे त्यांना एकदा फोनवर विचारा. नवी चॅसिस आली की ती सरळ आहे की नाही हे काहीही जोडण्यापूर्वी तपासावे लागते. त्यासाठी ती चार स्टँडवर ठेवायची, प्रत्येक माउंटिंगच्या भोकातून ओळंबा सोडायचा, तो जमिनीवर जिथे टेकेल तिथे खडूने फुली मारायची, आणि मग चॅसिस बाजूला सरकवून फुल्यांमधले कर्ण सुतळीने मोजायचे. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे मोजलेला कर्ण सारखा भरला पाहिजे. दोन माणसे लागतात: एक सुतळी धरायला आणि एक वाचायला. पुरवठादाराकडून आलेली चॅसिस वाकडी निघाली, तर ती परत करण्याची वेळ हीच असते, मुलाम्याच्या आट्यांत टॅप फिरवल्यानंतर नव्हे. हे काम मेमध्ये ठेवा. त्याआधी, आजच, गाडी अजून अखंड आहे तोवर, दोन्ही दारांच्या पुढच्या, मागच्या आणि खालच्या फटी तीन-तीन ठिकाणी मोजून एका वहीत लिहून ठेवा आणि वर तारीख घाला.

तुमचा,
सदरलेखक